दुसरा गाल पुढं करण्याची सरकारी सोय: कॅनडातल्या ‘रिस्टोरेटिव्ह ऑपॉर्च्युनिटीज’ सेवेचं परीक्षण

तुरुंगातून पीडिताला जाणाऱ्या पत्राच्या पहिल्या मसुद्यात एक वाक्य हमखास सापडतं: ‘जमलं तर मला माफ करा.’ जाणता मध्यस्थ ते खोडायला सांगतो. मराठीत तर यातली अडचण शब्दातच दिसते. आपण माफी ‘मागतो’. ज्याच्याकडून आधीच ओरबाडून घेतलंय त्याच्यापुढं पुन्हा हात पसरायचा, आणि त्यानं नाही म्हटलं तर कोत्या मनाचा ठरणार तोच. म्हणून पत्रात आपण काय केलं ते लिहायचं, समोरच्याचं काय गेलं ते लिहायचं आणि थांबायचं. ‘नशेत होतो’ खोडा. ‘तुम्हाला त्रास झाला असेल तर’ यातला ‘तर’ खोडा, त्रास झालाच आहे. तीन पानांचं पत्र या खोडाखोडीतून एका पानावर येतं आणि त्यात आठवडेच्या आठवडे जातात.

ही खोडाखोड करून घेणारी, आणि गरज पडली तर दोघांना एका खोलीत समोरासमोर बसवणारी सेवा म्हणजे कॅनडाच्या केंद्रीय तुरुंग खात्याची ‘रिस्टोरेटिव्ह ऑपॉर्च्युनिटीज’. 2004 पासून ती देशभर चालते. पैसे पडत नाहीत. गुन्ह्यानं ज्याचं नुकसान झालं तो माणूस, किंवा त्याच्या घरचे, शिक्षा भोगत असलेल्या गुन्हेगाराशी प्रशिक्षित मध्यस्थामार्फत बोलू शकतात. खटला संपून शिक्षा लागल्यानंतरच ही सेवा सुरू होते, आणि ती केंद्रीय कैद्यांपुरती आहे. कॅनडात दोन वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षा झालेला माणूस केंद्राकडे जातो, त्याहून कमी शिक्षेचा प्रांताच्या तुरुंगात. ही रेघ नीट लक्षात ठेवावी, पुढं तिचा त्रास होतो.

सरकारी पत्रकात येशूचं नाव कुठं नाही आणि नसावंच. पण या कामाची नाळ थेट ‘जो तुझ्या उजव्या गालावर मारतो त्याच्याकडे दुसराही कर’ या वाक्याशी जोडलेली आहे. मराठी वाचकाला ते बहुतेक गांधीजींमार्फत माहीत असतं, आणि बहुतेक टिंगलीसाठी. ‘आम्ही काय गाल पुढं करत बसायचं?’ हा प्रश्न चहाच्या टपरीवर चांगला वाटतो. बदला न घेण्याची शिकवण आजच्या जगात चालते का, हे मात्र ती चालवून पाहिल्याशिवाय कळत नाही. ज्यांनी ती चालवून पाहिली त्यांनी तिच्यातलं काय ठेवलं आणि काय काढून टाकलं, हे या सेवेत दिसतं. माझ्या मते काढून टाकलेला भागच जास्त शिकवून जातो.

आधी मूळ सांगतो. ऑन्टारिओ प्रांतातल्या वॉटर्लू भागात एल्मायरा नावाचं छोटं गाव आहे. आसपास मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाची मोठी वस्ती, त्यातले जुन्या वळणाचे लोक आजही घोड्याच्या बग्गीतून फिरतात. 1974 च्या मे महिन्यात दोन पोरांनी, एक 18 चा आणि एक 19 चा, एका रात्रीत तिथं 22 ठिकाणी नासधूस केली. मोटारींचे टायर फाडले, काचा फोडल्या, एका बोटीला भोक पाडलं. दोघांनी गुन्हा कबूल केला. शिक्षेआधीचा अहवाल लिहिण्याचं काम मार्क यान्त्झी या प्रोबेशन अधिकाऱ्याकडे होतं. तो मेनोनाइट होता आणि ‘मेनोनाइट सेंट्रल कमिटी’ या संस्थेच्या डेव्ह वर्थबरोबर काम करायचा. या पोरांना घरोघर नेऊन नुकसान झालेल्या माणसांसमोर उभं करावं, अशी कल्पना त्यांनी न्यायाधीश गॉर्डन मॅककॉनेल यांच्यापुढं मांडली. कायद्यात तशी तरतूद नव्हती. तरी न्यायाधीशांनी मुदत दिली.

मग ती पोरं दार वाजवत गेली. पहिल्या फेरीत काय केलं ते सांगायचं आणि नुकसान किती झालं ते विचारायचं. विम्यातून न निघालेली रक्कम भरून देणं शिक्षेचा भाग झालं, आणि काही महिन्यांनी दुसरी फेरी झाली ती पैसे हातात द्यायला. कुणी चिडलं, कुणी आत बोलावलं. त्यातला एक पोरगा पुढं मोठेपणी याच कामात आला. यातून शेजारच्या किचनर शहरात ‘पीडित-गुन्हेगार समेट कार्यक्रम’ उभा राहिला. 1978 मध्ये अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या एल्कहार्टला तसाच कार्यक्रम सुरू झाला. तिथं हॉवर्ड झेर या मेनोनाइट अभ्यासकानं त्याला विचारांची चौकट दिली. कोणता कायदा मोडला, कुणी मोडला, त्याला काय शिक्षा, हे कोर्टाचे नेहमीचे प्रश्न. झेर यांचे प्रश्न वेगळे: कुणाचं नुकसान झालं, त्यांना आता कशाची गरज आहे, आणि ती भागवण्याची जबाबदारी कुणावर.

मेनोनाइटांनाच हे का सुचलं? 1527 च्या श्लायटहाइम जाहीरनाम्यापासून त्यांच्या पूर्वजांनी तलवार हाती धरायला नकार दिला होता. 1569 मध्ये हॉलंडमध्ये त्याच परंपरेतला डिर्क विलेम्स तुरुंगातून पळाला. गोठलेल्या तळ्यावरून तो पार गेला, पण पाठलाग करणारा शिपाई बर्फ फुटून पाण्यात पडला. डिर्क मागं फिरला आणि त्याला बाहेर काढलं. मग त्यालाच पकडून जाळण्यात आलं. आपल्याकडे पैठणच्या एकनाथांची गोष्ट आहे: गोदावरीवरून येताना अंगावर थुंकणाऱ्यावर ते चिडले नाहीत, पुन्हा पुन्हा नदीवर जाऊन आंघोळ करत राहिले. ती गोष्ट थुंकणाऱ्याच्या पश्चात्तापावर संपते. डिर्कची संपत नाही. मेनोनाइटांच्या आठवणीत समोरचा सुधारण्याची हमी नाही, आणि या सेवेतही ती कुणी देत नाही. सेवेवर विश्वास ठेवण्याचं माझ्या लेखी हे पहिलं कारण.

आता प्रत्यक्ष वापराकडे.

पीडितानं विचारलं की माहिती मिळणं हा कॅनडात हक्क आहे. 2015 मध्ये पीडितांच्या हक्कांचा कायदा आला आणि त्यासोबत तुरुंगांच्या कायद्यातही दुरुस्ती झाली. दोन्ही बाजूंची संमती माहितीपूर्ण आणि स्वखुशीची असली पाहिजे, असं कायद्यातच लिहिलंय. व्यवहारात सेवा पीडिताच्या कलानं चालते. कुणीतरी एक दिवस फोन करतो, तिथून गाडी हलते.

पहिल्या बोलण्यात एकच महत्त्वाचा प्रश्न असतो: तुम्हाला यातून काय हवंय? उत्तरं बाहेरच्यांना वाटतात तशी उदात्त नसतात. ‘शेवटच्या क्षणी तो काय बोलला होता?’ ‘आमचंच घर का निवडलं?’ ‘सुटल्यावर तो याच गावात राहणार का, आणि दुकानात समोर आला तर मी काय करायचं?’ ‘माझ्या तोंडून त्यानं एकदा ऐकावं.’ माफ करण्यासाठी म्हणून येणारेही असतात, पण तो एक प्रकार झाला. प्रश्न जितका नेमका तितकं पुढचं काम सोपं. ‘मन मोकळं करायचंय’ इतक्यावर आलेल्या माणसाबरोबर मध्यस्थाला बरेच दिवस बसावं लागतं.

यानंतर मध्यस्थ पीडिताला भेटतो, मग तुरुंगात जाऊन गुन्हेगाराला. गुन्हेगाराची चाळणी होते. ‘मी केलंच नाही’ म्हणणाऱ्याशी भेट ठरत नाही. ‘केलं, पण ती बाई पण काही साधी नव्हती’ म्हणणाऱ्याशीही नाही, निदान तेव्हा तरी. संपर्कबंदीचा कोर्टाचा हुकूम आहे का, हे तपासावं लागतं. भाग घेतला म्हणून शिक्षा कमी होईल असं आमिष दाखवलं जात नाही. हे आमिष नसणं म्हणजे या सेवेचा कणा. पॅरोलवर डोळा ठेवून आलेला माणूस दुसऱ्या-तिसऱ्या बैठकीत कंटाळतो आणि गळतो.

मार्ग चार. पत्रांची देवाणघेवाण, चित्रित निरोप, मध्यस्थानं इकडून तिकडे निरोप नेणं, आणि समोरासमोर भेट. एकाकडून दुसऱ्याकडे जाता येतं आणि कुठंही थांबता येतं. पत्र सगळ्यात सुरक्षित वाटतं, पण त्याचा धोका वेगळा: उत्तर येईपर्यंतचे आठवडे माणूस त्यातल्या एका शब्दावर किस काढत बसतो. चित्रित निरोपात चेहरा दिसतो, पण मधे थांबवून ‘थांब, हे पुन्हा सांग’ म्हणता येत नाही. फक्त माहिती हवी असणाऱ्याला मध्यस्थाकरवी निरोप पुरतो. माझ्या मते लोक त्याला उगाच कमी लेखतात. प्रत्येकाला भेटायचंच असतं असं नाही.

समोरासमोर भेटीची तयारी महिनोन्महिने चालते, कधी वर्षाच्या वर. इथं ही सेवा खरी उतरते, म्हणून जरा तपशिलात सांगतो. खुर्च्या कशा मांडायच्या हे पीडित ठरवतो, आणि बहुतेकांना दाराजवळची हवी असते. मधे टेबल हवं की नको? टेबल असलं की हात कुठं ठेवायचे हा प्रश्न सुटतो, आणि हात ही त्या खोलीतली सगळ्यात अवघड गोष्ट. आधी कोण आत बसलेलं असावं? काहींना आपण बसलेलं असताना तो दारातून येताना पाहायचा असतो, काहींना बरोबर उलटं. हस्तांदोलन करायचं का? नावानं हाक मारायची की आडनावानं? कोणता विषय अजिबात काढायचा नाही? थांबायचं असेल तर खूण काय? सोबत बहीण किंवा मित्र येणार असेल तर तो बोलणार की नुसता बसणार? ही उत्तरं दोन्हीकडे आधी पोचलेली असतात. समोरचा हात पुढं करेल आणि आपण काय करायचं, या धास्तीत रात्रभर जागं राहावं लागत नाही.

एक गोष्ट तयारीत राहून जाते आणि मग महागात पडते: तुरुंगाचं फाटक. पीडितानं गुन्हेगाराला भेटण्याची मनाची तयारी केलेली असते, पण झडती, ओळखपत्र, बाहेर काढून ठेवलेला फोन, मागं खाडकन बंद होणारं दार, यांची केलेली नसते. खोलीत पोचेपर्यंतच हातपाय गार. चांगला मध्यस्थ वाट, दारं, खोलीचा आकार, खिडकी आहे की नाही, हे सगळं आधी सांगतो, जमलं तर दाखवून आणतो. पाणी आणि टिश्यूचा खोका पीडिताच्या हाताशी ठेवलेला असतो, कारण तो गुन्हेगारानं पुढं सरकवावा का हासुद्धा प्रश्नच असतो.

प्रत्यक्ष भेट काही तासांची. पहिलं वाक्य दोघांनीही घोटलेलं असतं, पुढचं कुणाच्या हातात नसतं. मध्यस्थ कमी बोलतो. मिनिटभराची शांतता पडली की नवशिक्या मध्यस्थाची जीभ वळवळते. मुरलेला ती पडू देतो. बाहेर पडताना पीडित आधी निघतो आणि गुन्हेगार बसून राहतो. त्याच संध्याकाळी फोन येतो, आणि नंतर पुन्हा. हा नंतरचा फोन विसरला तर आधीची मेहनत वाया जाऊ शकते, कारण दोन-तीन दिवसांनी ताण उतरला की माणूस अगदी रिकामा होतो.

इतक्या सगळ्यात ‘दुसरा गाल’ कुठं आला? मूळ वाक्यात उजवा गाल म्हटलंय, ते उगाच नाही. समोरच्याच्या उजव्या गालावर उजव्या हातानं मारायचं तर उलट्या हाताचीच बसते. वॉल्टर विंक या अमेरिकी अभ्यासकानं यावर बोट ठेवलं: उलट्या हाताची म्हणजे खालच्याला जागा दाखवणारी. दुसरा गाल पुढं करणारा म्हणतो, मारायचंच असेल तर बरोबरीच्याला मारतात तसं मार. हा अर्थ सगळ्यांना मान्य नाही. पण वर सांगितलेल्या खोलीत तो लागू पडतो. दाराजवळची खुर्ची निवडलेली, विषय ठरवलेले, थांबायची खूण हाताशी असलेली ती व्यक्ती समोरच्याला मारत नाहीये, आणि मार खाणाऱ्याच्या जागीही बसलेली नाही.

आता काय बिघडतं ते.

सगळ्यात मोठा बिघाड सेवेच्या बाहेरून येतो, आणि तो ख्रिस्ती घरांत जास्त दिसावा हे विचित्र वाटलं तरी समजण्याजोगं आहे. कुणीतरी वडीलधारं, कुणी पाळक (चर्चचा धर्मगुरू) म्हणतो, ‘प्रभूनं माफ करायला सांगितलंय, तू जाऊन भेट.’ मग शिकवण पीडिताच्याच पाठीत बसते. झेर यांनी स्पष्टच मांडलंय की रिस्टोरेटिव्ह जस्टिसचा, म्हणजे नुकसान भरून काढण्यावर भर देणाऱ्या या न्यायाचा, मुख्य हेतू क्षमा किंवा समेट हा नाही. ते झालं तर झालं, आणि ते पीडितानं ठरवायचं. 1974 नंतरच्या कार्यक्रमाच्या नावातच ‘समेट’ होता. आजच्या सरकारी सेवेच्या नावात तो शब्द उरलेला नाही. काढून टाकलेला भाग म्हणालो तो हाच.

का काढावा लागला, याचा मेनोनाइटांच्या स्वतःच्याच घरातला दाखला आहे, आणि तो टाळून हे परीक्षण पुरं होणार नाही. जॉन हॉवर्ड योडर हा विसाव्या शतकातला अहिंसेचा सर्वात नावाजलेला मेनोनाइट धर्मशास्त्री. एल्कहार्टच्या सेमिनरीत, म्हणजे धर्मशिक्षणाच्या संस्थेत, तो शिकवायचा, म्हणजे अमेरिकेतला पहिला समेट कार्यक्रम ज्या गावात उभा राहिला त्याच गावात. त्यानं अनेक वर्षं शंभरावर स्त्रियांशी लैंगिक गैरवर्तन केलं. बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानात, अठराव्या अध्यायात, भांडण मिटवण्याची पायरीपायरीची रीत दिली आहे: आधी एकट्यानं जाऊन त्याची चूक दाखव, ऐकलं नाही तर एकदोघांना घेऊन जा, तरीही नाही तर मंडळीपुढं, म्हणजे चर्चपुढं, मांड. योडर याच पहिल्या पायरीचा आग्रह धरायचा. तक्रार असेल त्या बाईनं माझ्याशी एकटीनं बोलावं. शेजाऱ्यांच्या बांधाच्या भांडणाला ही पायरी उत्तम. जिथं एकाच्या हातात नोकरी, नाव आणि सत्ता आहे, तिथं तीच पायरी सापळा होते. 1984 मध्ये त्याला सेमिनरी सोडावी लागली, पण कारण गुलदस्त्यात राहिलं. सेमिनरीनं त्या स्त्रियांपुढं जाहीर कबुली दिली ती 2015 मध्ये, योडर जाऊन सतरा वर्षं झाल्यावर.

यातून सेवेनं दोन गोष्टी घेतलेल्या दिसतात. एक, भेट शिक्षेनंतर: आधी कोर्टात सत्य आणि जबाबदारी ठरते, मग बोलणं. दोन, पीडित गुन्हेगाराला एकट्यानं कधीच भेटत नाही. घरातल्या हिंसेच्या आणि लैंगिक गुन्ह्यांच्या प्रकरणात याहून कडक तयारी लागते. तिथं नुसती नजर, घसा खाकरणं, एखादा ठरलेला शब्द पुरतो, आणि बाहेरच्या माणसाला ती धमकी होती हे कळतही नाही. नवऱ्याच्या मारहाणीतून सुटलेल्या बाईला मी तरी आधी पत्र किंवा निरोपाचाच मार्ग सुचवेन.

दुसरा बिघाड म्हणजे नकार. गुन्हेगार ‘नाही’ म्हणू शकतो, आणि म्हणतो. वर्षभर धीर गोळा करून फोन केलेल्या माणसाला तो नकार पुन्हा एकदा तोंडात मारल्यासारखा लागतो. पहिल्याच बोलण्यात याची कल्पना दिली गेली पाहिजे. देत नसतील तर आपण विचारावी.

तिसरा, अश्रूंची अपेक्षा. चित्रपटांनी सवय लावली आहे की समोरचा रडला म्हणजे पश्चात्ताप खरा. वर्षानुवर्षं तुरुंगात काढलेला माणूस चेहऱ्यावर काही दिसू न देण्यात पटाईत झालेला असतो, तिथं जगायचं तर ते लागतंच. कोरड्या चेहऱ्यानं नेमकं उत्तर देणारा रडणाऱ्यापेक्षा जास्त कामाचा. रडण्यात अनेकदा स्वतःचीच कीव असते.

चौथी अडचण सुरुवातीला सांगितलेल्या रेघेची. घरफोडी, गाडीची मोडतोड, किरकोळ मारामारी यांत शिक्षा बहुतेकदा दोन वर्षांच्या आत राहते, म्हणजे एल्मायराच्या पोरांसारखी प्रकरणं या सेवेत बसतच नाहीत. ज्या प्रकारच्या गुन्ह्यातून हे सगळं जन्माला आलं, तोच प्रकार बाहेर! त्यासाठी प्रांतात किंवा गावात काय आहे ते शोधावं लागतं, आणि ते जागोजागी वेगळं. किचनर भागात ‘कम्युनिटी जस्टिस इनिशिएटिव्हज’ ही संस्था शेजाऱ्यांच्या भांडणापासून पुढची कामं करते. अठराच्या आतल्या मुलांसाठी 2003 पासून अमलात असलेला बालगुन्हेगारी कायदा कोर्टाबाहेरच्या उपायांना आणि एकत्र बैठकींना मोकळी वाट देतो. टोरंटोजवळच्या ब्रॅम्प्टन किंवा मिसिसॉगाच्या मराठी घरात शाळकरी पोरानं काही करून ठेवलं, तर आधी या कायद्याबद्दल वकिलाला विचारावं. ज्या सेवेचं हे परीक्षण आहे ती त्या कामाची नाही.

भाषेचाही मुद्दा आहे. आजी-आजोबांच्या पिढीतलं कुणी यात पडणार असेल तर दुभाषी लागेल हे पहिल्याच फोनवर सांगावं आणि घरच्याला दुभाषी करू नये. नातवाला आजीचा राग इंग्रजीत सांगता येत नाही, तो त्याला साखर लावतो. आणि ‘सॉरी’चं मराठी काय सांगायचं हे आधी ठरवून ठेवावं. ‘माफ करा’ आणि ‘चुकलं माझं’ यांत वर सांगितलेला सगळा फरक आहे.

उपयोग किती होतो? इंग्लंडमध्ये अशाच प्रकारच्या भेटींवर शेफील्ड विद्यापीठाच्या जोआना शॅपलँड यांच्या चमूनं बरीच वर्षं अभ्यास केला. भेटीत भाग घेतलेल्या पीडितांपैकी 85 टक्के समाधानी होते, आणि पुन्हा दोषी ठरण्याची वारंवारता तुलनेतल्या गटापेक्षा 14 टक्क्यांनी कमी होती. चौदा टक्के म्हणजे चमत्कार नाही. नाठाळाच्या माथी काठीच हवी म्हणणाऱ्यांनी हा आकडा कमी म्हणून नाक मुरडावं, पण मग काठीचाही आकडा मागावा. शिवाय हे लोक स्वखुशीनं आलेले होते. सगळ्यांवर सक्ती केली तर हेच आकडे येतील असं कुणी धरू नये.

आपल्याकडच्या ‘मिटवामिटवी’शी याची गल्लत होऊ नये म्हणून दोन शब्द. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 359 नुसार काही गुन्ह्यांत फिर्यादी तडजोड करू शकतो, काहींत कोर्टाच्या परवानगीशिवाय, काहींत परवानगीनं. पण गुन्हेगारी तडजोडीचा आपला सगळा ओढा खटला संपवण्याकडे असतो. तारखा वाचतात, कोर्ट मोकळं होतं, आणि चौकीबाहेर ‘घे ना मिटवून’ म्हणणारे चार जण उभे असतातच. कॅनडातली सेवा खटला संपल्यावर सुरू होते, त्यामुळं तिथं मिटवून घ्यायला काही उरलेलंच नसतं. दबाव टाकून कुणाचा फायदा होत नाही, म्हणून दबाव कमी. इंदूरजवळ 1995 मध्ये सिस्टर राणी मारिया या कॅथलिक ननचा खून झाला. त्यांच्या धाकट्या बहिणीनं, सिस्टर सेल्मी यांनी, 2002 मध्ये तुरुंगात जाऊन खुनी समंदर सिंगला राखी बांधली. ती राखी सगळ्यांना आठवते. त्याआधी एक धर्मगुरू तुरुंगात जाऊन त्याच्याशी बोलत होता, हे कमी जणांना ठाऊक असतं. म्हणजे तिथंही तयारी होतीच, फक्त तिला सेवेचं नाव नव्हतं.

पाच पैकी गुण द्यायचे तर तयारीला पाच, पीडिताच्या हातात लगाम ठेवण्याला साडेचार, पोच आणि प्रसिद्धीला दोन. अशी सेवा आहे हेच बहुतेक पीडितांना ठाऊक नसतं, आणि पत्रक सापडलं तरी ते सरकारी भाषेत. वेगाला गुण देत नाही, कारण इथं वेग वाढवण्याची मागणी करणंच चूक.

फोन करण्याआधी एक कागद घ्यावा आणि त्याला उभी रेघ मारावी. डावीकडे त्याला विचारायचे प्रश्न, उजवीकडे त्याला सांगायच्या गोष्टी. डावी बाजू भरली आणि उजवी रिकामी राहिली तर पत्र किंवा निरोप पुरेल. उजवी भरली तर भेटीचा विचार करा. आणि कागदावर कुठंही ‘सगळे म्हणतात म्हणून’ असं काही आलं, तर तो घडी घालून ठेवून द्या. फोन पुढच्या वर्षी केला तरी चालतो, शिक्षा चालू असेपर्यंत.